शून्य नोंदींचा अर्थ : युरोपातील खोकडे आणि एका पट्टकृमीचे सर्वेक्षण

स्वीडनमध्ये या शतकाच्या आरंभापासून दरवर्षी सुमारे ३०० ते ४०० तांबडी खोकडे तपासली जात होती. शिकाऱ्यांनी मारलेल्या या प्राण्यांच्या शरीरात एका विशिष्ट पट्टकृमीचे अस्तित्व आहे काय, एवढाच प्रश्न होता आणि सुमारे दहा वर्षे त्याचे उत्तर ‘नाही’ असेच येत होते. फेब्रुवारी २०११ मध्ये ते बदलले. देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरील उद्देवाला शहराच्या परिसरात मारलेल्या एका खोकडात हा कृमी आढळला. पाठोपाठ देशभरातून सुमारे ३,००० खोकडे गोळा करून तपासण्यात आली. पहिले धरून बाधित निघाली ती एकूण तीन. म्हणजे ढोबळमानाने हजारात एक.

मग दहा वर्षांच्या त्या शून्य नोंदी निरर्थक होत्या काय? मी कीटकशास्त्राचा अभ्यासक आहे. पट्टकृमी हा माझ्या विषयातील प्राणी नव्हे. तथापि कामगंध सापळ्यात सलग आठ आठवडे एकही पतंग आला नाही, तर नोंदवहीत ‘कीड नाही’ असे लिहावे की ‘कीड आढळली नाही’ असे लिहावे, हा पेच पीकसंरक्षणाच्या कामातही नित्य उभा राहतो. या दोन वाक्यांमधील अंतर किती असते आणि ते संख्येने कसे मांडता येते, याचा अतिशय काटेकोर विचार युरोपातील खोकडांच्या निमित्ताने झाला आहे. म्हणून हा विषय कृषी संशोधनाच्या वाचकांपुढे ठेवावासा वाटला.

प्रथम नावाविषयी थोडे. मराठीत ‘कोल्हा’ हा शब्द आपण सैलपणे वापरतो. शालेय गोष्टींतील द्राक्षे आंबट ठरवणारा प्राणी मूळ कथेत जो आहे, तो आपल्या माळरानावर रात्री कुई देणारा कोल्हा नव्हे. तो आहे खोकड. महाराष्ट्राच्या गवताळ माळांवर दिसणारे भारतीय खोकड लहानखुरे आणि राखी रंगाचे असते. युरोपातील तांबडे खोकड त्याहून मोठे. हेच तांबडे खोकड आपल्याकडे लडाख, काश्मीर, हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडच्या उंच प्रदेशांत आढळते. पुढील मजकुरात खोकड म्हणजे तांबडे खोकड असे समजावे.

लहान कृमी, लांबलेला रोग

या कृमीचे शास्त्रीय नाव एकिनोकॉकस मल्टिलोक्युलॅरिस. पट्टकृमी म्हटले की हातभर लांबीची फीत डोळ्यांसमोर येते. हा मात्र जेमतेम दोन ते चार मिलिमीटर लांबीचा असतो. खोकडाच्या लहान आतड्यात तो हजारोंच्या संख्येने राहिला, तरी त्या प्राण्याला फारशी इजा होत नाही. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडून गवतावर व मातीवर विखुरतात. आखूड शेपटीचे, गवताळ रानात बिळे करणारे व्होल नावाचे उंदीर ती गिळतात. त्यांच्या यकृतात अंड्यांतून निघालेली अळी अवस्था बारीक पुटकुळ्यांच्या घोसासारखी वाढते आणि त्या पुटकुळ्यांत भावी कृमींची असंख्य डोकी तयार होतात. असा उंदीर खोकडाने खाल्ला की सुमारे चार आठवड्यांनी त्याच्या विष्ठेतून पुन्हा अंडी पडू लागतात. खोकडाऐवजी कुत्र्याने उंदीर खाल्ला, तरी हेच घडते.

माणूस या चक्रात अपघातानेच शिरतो. न धुतलेली भाजी, रानात वेचलेली फळे, मातीने माखलेले हात किंवा कुत्र्याच्या अंगावरील केस यांवाटे अंडी पोटात जातात. कृमीचे चक्र तेथे खुंटते. माणसाचे नुकसान तेथून सुरू होते. अळी अवस्था यकृतात कर्करोगाच्या गाठीप्रमाणे आजूबाजूच्या पेशींत शिरत, पसरत जाते. लक्षणे दिसू लागेपर्यंत सहसा ५ ते १५ वर्षे लोटतात. उपचार न मिळाल्यास रोगाचे निदान झाल्यापासून दहा-पंधरा वर्षांत ९० टक्क्यांहून अधिक रुग्ण दगावतात. बाधित भाग शस्त्रक्रियेने पूर्णपणे काढता आला तर उत्तम, अन्यथा अल्बेंडाझोलसारखी औषधे वर्षानुवर्षे, अनेकदा जन्मभर घ्यावी लागतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १८,००० नवे रुग्ण होतात आणि त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक चीनमधील असतात. अन्नावाटे पसरणाऱ्या परजीवींची जी क्रमवारी अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २०१४ साली लावली, तीत या कृमीचे स्थान तिसरे आहे.

खोकडांवर लक्ष का ठेवायचे, याचे उत्तर या ५ ते १५ वर्षांत आहे. एखाद्या प्रदेशात कृमी शिरला आणि आपण केवळ रुग्णालयातील नोंदी पाहत बसलो, तर पहिला रुग्ण दिसेपर्यंत त्याने तेथे चांगला जम बसवलेला असतो. माणसांतील रुग्ण मोजून या रोगावर पाळत ठेवणे म्हणजे गेल्या दशकातील पाऊस पाहून यंदाची पेरणी ठरवण्यासारखे आहे. खोकड मात्र बाधित उंदीर खाल्ल्यापासून महिनाभरातच पुरावा देऊ लागते. शिवाय ते बरेच अंतर हिंडते आणि कितीतरी उंदीर खाते. संशोधकाला शेकडो उंदीर पकडून जी माहिती मिळेल, ती एका खोकडाच्या आतड्यात आयती गोळा झालेली असते.

किती नमुने पुरेसे?

युरोपीय संघाने २०११ साली एक नियम केला आणि २०१८ साली त्याच्या जागी सुधारित नियम आणला. आपल्याकडे हा कृमी नाही, असा दावा करणाऱ्या देशाने दरवर्षी ते सिद्ध करावे, असे त्याचे सार आहे. खोकडांतील प्रादुर्भाव १ टक्का असला, तरी तो ९५ टक्के खात्रीने लक्षात येईल, एवढे मोठे सर्वेक्षण बारा महिन्यांच्या प्रत्येक कालखंडात व्हावे लागते. फिनलंड, आयर्लंड, माल्टा आणि त्या वेळी संघात असलेले ब्रिटन असे देश या यादीत होते. नॉर्वेनेही हीच पद्धत स्वीकारली. (माल्टामध्ये रानटी खोकडेच नाहीत, त्यामुळे त्याचे काम सोपे.) या सर्वेक्षणांची छाननी युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरण दरवर्षी करते.

यातील गणित अवघड नाही आणि ते आपल्या प्रत्येक कीडसर्वेक्षकाला ठाऊक असावे, असे मला वाटते. शंभरातील एक खोकड बाधित आहे असे गृहीत धरू. कोणतेही एक खोकड उचलले तर ते निर्दोष निघण्याची शक्यता ०.९९. दोन्ही निर्दोष निघण्याची ०.९९ गुणिले ०.९९. असे गुणत गेल्यास २९९व्या खोकडापाशी हा गुणाकार ०.०५च्या किंचित खाली येतो. अर्थात, प्रादुर्भाव खरोखर १ टक्का असता, तर सलग २९९ खोकडे निर्दोष निघण्याचा योग शंभरात पाचांहून कमी वेळा आला असता. म्हणून तेवढी खोकडे निर्दोष निघाल्यावर ‘प्रादुर्भाव १ टक्क्याहून कमी आहे’ असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. ‘प्रादुर्भाव नाही’ असे मात्र म्हणता येत नाही.

चाचणी बिनचूक आहे, असेही वरील हिशेबात गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात कोणतीही चाचणी काही बाधित प्राणी निसटू देते. १०० बाधित खोकडांपैकी ७८ ओळखणारी चाचणी वापरली, तर २९९ऐवजी ३८३ खोकडे तपासावी लागतात. आणि प्रादुर्भाव १ टक्का नसून हजारात एक असेल, तर बिनचूक चाचणीनेही तोच निष्कर्ष काढण्यासाठी सुमारे ३,००० खोकडे लागतात.

आता स्वीडनची आकडेवारी पुन्हा पाहावी. हजारात एक बाधित असताना ३५० खोकडांच्या वार्षिक नमुन्यात एकही बाधित न सापडण्याची शक्यता ७० टक्के येते. म्हणजे कोणत्याही एका वर्षाच्या शून्याला या पातळीवर फारसा अर्थ नव्हता. ते सर्वेक्षण तेवढी सूक्ष्म गोष्ट पाहण्यासाठी आखलेलेच नव्हते. दहा वर्षांची शून्ये एकत्र केली तर चित्र बरेच बदलते. प्रादुर्भाव सर्व दहा वर्षे हजारात एक असता, तर ३,५०० खोकडांत एकही बाधित न सापडणे शंभरात तीन-चार वेळाच घडले असते. त्यामुळे कृमी अलीकडे आला असावा, किंवा आधीपासून असला तरी याहून विरळ व तुरळक ठिकाणी असावा, एवढा निष्कर्ष त्या कोऱ्या नोंदींवरूनच काढता येतो. नोंदी ठेवल्या होत्या म्हणून हे शक्य झाले. दहा वर्षे कोणी पाहिलेच नसते, तर २०११ सालच्या त्या खोकडाविषयी काहीच सांगता आले नसते.

मात्र जुन्या शून्याचे मोल कायम राहत नाही. २००३ साली कृमी नव्हता, ही गोष्ट २०१० साली तो नसल्याची साक्ष कितपत देते? मधल्या प्रत्येक वर्षी सीमेपलीकडून बाधित कुत्रा किंवा खोकड येण्याची जेवढी शक्यता, तेवढी ती साक्ष दुबळी होत जाते. म्हणूनच नियम ‘एकदा तपासा’ असे म्हणत नाही, दरवर्षी तपासा असे म्हणतो. सर्वेक्षणाचा निधी ‘गेली पाच वर्षे काहीच सापडले नाही’ या कारणास्तव कापणारे कार्यालय हा मुद्दा हमखास विसरते.

शितावरून भाताची परीक्षा होत नाही

वरील हिशेबात आणखी एक गृहीत दडलेले आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातील सारा भात एकाच आचेवर शिजलेला असतो. परजीवींचे तसे नसते. झुरिक शहरात नव्वदच्या दशकात झालेल्या एका अभ्यासात १३३ बाधित खोकडांतील एकूण कृमींपैकी ७२ टक्के कृमी केवळ १० खोकडांत आढळले. त्या प्रत्येकाच्या आतड्यात १०,०००हून अधिक कृमी होते. मावा शेतात सारखा पसरत नाही, काही झाडे काळवंडून जातात आणि शेजारची स्वच्छ राहतात, हे आपण नेहमी पाहतो. तोच हा प्रकार. भूप्रदेशाच्या बाबतीतही तेच. जेथे व्होल भरपूर, तेथे बाधित खोकडे दाट. पलीकडच्या खोऱ्यात कदाचित एकही नाही.

त्यामुळे ३०० नमुने कोठून आले, हे ३०० या आकड्याइतकेच महत्त्वाचे ठरते. शिकारी आपल्या सोयीच्या जागी, रस्त्यालगत आणि शिकारीच्या हंगामातच शिकार करतात. वयाचाही प्रश्न असतो. कोवळ्या वयाच्या खोकडांत कृमींची संख्या सहसा अधिक असते. सर्व नमुने देशाच्या एकाच कोपऱ्यातून आले, तर गणित बरोबर असूनही निष्कर्ष चुकतो. म्हणून नमुन्याबरोबर शिकारीचे ठिकाण व तारीख नोंदवणे अनिवार्य असते आणि विश्लेषणात प्रदेशवार विभागणी पाहिली जाते. या यंत्रणेचा कणा शास्त्रज्ञ नसून शिकारी आहेत, हेही ध्यानात घ्यावे. त्यांनी अर्ज नीट भरला नाही तर पुढची सारी प्रयोगशाळा वाया जाते.

प्रयोगशाळेतील काम जोखमीचे आहे. या कृमीची अंडी उणे २० अंश सेल्सिअसला मरत नाहीत. त्यामुळे आतडी उघडण्यापूर्वी ती उणे ८० अंशांवर काही दिवस ठेवून अंडी निष्प्रभ केली जातात. त्यानंतर आतडे उभे चिरून, तुकडे करून मिठाच्या पाण्यात जोराने हलवतात, आतील अस्तर बोटांनी निपटून घेतात, गाळ खाली बसू देतात, वरचे पाणी ओततात आणि पाणी निवळ येईपर्यंत हे पुन:पुन्हा करतात. उरलेला गाळ थोडा थोडा काचपात्रात घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली कृमी मोजायचे. ही अवसादन व गणना पद्धत अजूनही सर्वांत विश्वासार्ह मानली जाते. ती फार वेळखाऊ आहे, आणि तिच्यासाठी प्राणी मेलेला असावा लागतो.

विष्ठेतील अंडी पाहून काम भागले असते तर बरे झाले असते. अडचण अशी की, एकिनोकॉकसची अंडी आणि टीनिया या कुलातील अन्य पट्टकृमींची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली एकसारखीच दिसतात. यावर उपाय म्हणून विष्ठेतील डीएनए ओळखणाऱ्या पीसीआर चाचण्या आल्या. स्वीडनमधील संशोधकांनी विकसित केलेल्या एका पद्धतीत कृमीच्या डीएनएला चिकटणारे चुंबकीय कण वापरून तो सुमारे ३ ग्रॅम विष्ठेतून वेचून घेतात व मग त्याची चाचणी करतात. नॉर्वेतील सर्वेक्षण या पद्धतीवर चालते. शिकाऱ्याने पूर्ण खोकड पाठवण्याऐवजी विष्ठेचा नमुना पाठवला की पुरते.

शून्याला किंमत आहे म्हणून

एवढा खटाटोप एका ‘नाही’साठी का? त्या उत्तरावर एक अधिकार अवलंबून आहे. कृमिमुक्त ठरलेल्या देशाला बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्यासाठी प्राझिक्वांटेलच्या औषधोपचाराची अट घालता येते. हा उपचार प्रवेशापूर्वी २४ ते १२० तासांच्या दरम्यान व्हावा लागतो. किमान २४ तास यासाठी की, मेलेले कृमी व त्यांची अंडी कुत्र्याने सीमेअलीकडेच टाकून यावीत. कमाल १२० तास यासाठी की, मधल्या काळात त्याला नव्याने बाधा होऊ नये. औषध कृमी मारते, अंडी मारत नाही. त्यामुळे या तासांना महत्त्व आहे. स्वीडनमध्ये कृमी सापडल्यावर त्या देशाचा हा अधिकार संपला आणि २०१२पासून तेथे जाणाऱ्या कुत्र्यांवरील ही अट उठली. इतर देशांत सर्वेक्षण चालू राहिले ते याच भानाने की, एक बाधित खोकड सापडले तर पुढील धोरण बदलावे लागेल.

आणि कृमी अनपेक्षित वाटांनी येतो. बव्हेरियात पकडून इंग्लंडमध्ये बंदिवासात ठेवलेल्या एका बीव्हरच्या शवविच्छेदनात हा कृमी आढळल्याची नोंद २०११ साली प्रसिद्ध झाली. बीव्हर हा कृंतक असल्याने अळी अवस्था त्याच्या यकृतात होती. तो खोकडाच्या तोंडी लागला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. आर्क्टिक महासागरातील स्वालबार्ड द्वीपसमूहावर तर मूळचे व्होल नव्हतेच. विसाव्या शतकात रशियन खाण वसाहतींना पुरवल्या गेलेल्या चाऱ्याबरोबर व्होलची एक जात तेथे पोहोचली असावी, असे मानले जाते. ध्रुवीय खोकडे आधीपासून होती. चक्रातील दुसरा दुवा जुळताच कृमी स्थिरावला आणि १९९९ साली ग्रुमांत या ओसाड खाणवस्तीजवळील व्होलमध्ये तो सापडला. चाऱ्याच्या गंजीतून तणाचे बी आणि किडीचे कोष जातात, हे आपण जाणतो. उंदीर आणि त्याच्यामागून एक जीवघेणा रोग जाऊ शकतो, हेही त्याच यादीत लिहावे.

याहून बोलके उदाहरण जपानमधील रेबुन बेटाचे आहे. १९२४ ते १९२६ या काळात कुरिल बेटांवरून १२ जोड्या खोकडे येथे आणून सोडण्यात आली. हेतू दोन : व्होलचा बंदोबस्त आणि कातडी. जैविक नियंत्रणाचा हा प्रयोग शेतकऱ्याच्या भल्यासाठीच होता. खोकडांबरोबर कृमी आला. बेटावर उंदीर होतेच. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात पहिला रुग्ण आढळला आणि पुढील काळात त्या लहानशा बेटावरील १३०हून अधिक लोकांना हा रोग झाला. बेटावरील खोकडे आणि कुत्री नष्ट करून अखेर चक्र तोडण्यात आले. परकीय मित्रकीटक आयात करताना तो विलगीकरणात ठेवून त्याच्या स्वतःच्या परजीवींची तपासणी का करावी लागते, हे समजावून सांगायला मला कीटकांच्या जगात याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

रेबुन हे समुद्राने वेढलेले बेट होते, म्हणून खोकडे मारण्याचा उपाय तेथे चालला. मुख्य भूमीवर तो उलटतो. फ्रान्समधील नान्सी शहराच्या परिसरात चार वर्षे खोकडांची संख्या कमी करण्याचा प्रयत्न झाला. संख्या घटली नाही, कारण रिकाम्या झालेल्या जागांत बाहेरून तरुण खोकडे येत राहिली. प्रादुर्भाव मात्र ४० टक्क्यांवरून ५५ टक्क्यांपर्यंत चढला. युरोपात खोकडांची संख्या मुळात वाढली ती दुसऱ्याच एका यशामुळे. आमिषातून लस देऊन खोकडांतील रेबीज आटोक्यात आणण्यात आला; रेबीजने मरणारी खोकडे जगू लागली आणि शहरांतही शिरली. स्वित्झर्लंडमध्ये माणसांतील या रोगाचे प्रमाण १९९३ ते २००० या काळात दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला ०.१० होते, ते २००१ ते २००५ मध्ये ०.२६ झाले. म्हणून रेबीजची लस चूक होती असे कोणीही म्हणणार नाही. एका रोगाचा बंदोबस्त करताना त्याच प्राण्यातील दुसऱ्या रोगावर नजर ठेवणारी व्यवस्था लागते, एवढेच.

खोकडे न मारता कृमी कमी करण्याचा प्रयत्न झुरिकमध्ये झाला. प्राझिक्वांटेल घातलेली आमिषे दर चौरस किलोमीटरला ५० या प्रमाणात दर महिन्याला टाकण्यात आली. एक चौरस किलोमीटरच्या प्रायोगिक क्षेत्रांत कृमीची खूण असलेल्या विष्ठेचे प्रमाण ३८.६ टक्क्यांवरून ५.५ टक्क्यांवर आले. आमिष न टाकलेल्या क्षेत्रांत ते बदलले नाही. उपाय गुणकारी आहे, परंतु औषधाचा परिणाम टिकून राहत नाही. पुढचा बाधित उंदीर खाल्ला की खोकड पुन्हा बाधित. दर महिन्याचा हा खर्च कोठे करायचा, हे ठरवण्यासाठीसुद्धा आधी सर्वेक्षणच हवे.

आपल्या देशापुरते

भारतात पशुवैद्यकांना आणि शल्यचिकित्सकांना परिचित आहे तो याच कुलातील दुसरा कृमी, एकिनोकॉकस ग्रॅन्युलोसस. मेंढ्या, शेळ्या, गाई-म्हशी व डुकरांच्या यकृतात आणि फुप्फुसांत पाण्याने भरलेल्या हायडॅटिड गाठी होतात, त्या याच्यामुळे. त्याचे चक्र कुत्रा आणि पाळीव जनावरे यांच्यातच पूर्ण होते. कत्तलीनंतर टाकून दिलेले अवयव कुत्र्यांना मिळत राहणे हे त्याचे मुख्य कारण. तेथे खोकडांची आवश्यकता नाही आणि उपायही वेगळे आहेत. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मल्टिलोक्युलॅरिसचा प्रश्न आपल्यासाठी उत्तर सीमेवर उभा राहतो. चीनमधील सिचुआन व चिंगहाई प्रांतांच्या तिबेटी पठारी भागात हा रोग माणसांत मोठ्या प्रमाणावर आढळतो. तेथे खोकडांइतकीच मोकाट व राखणदार कुत्री कृमीच्या प्रसाराला कारणीभूत आहेत. मध्यस्थ यजमान आहेत व्होल आणि पिका. लडाखच्या पठारावर तांबडे खोकड आहे, व्होल आहेत, पिका आहेत, आणि मोकाट कुत्र्यांची संख्या हा तेथील ज्वलंत प्रश्न आहे. याचा अर्थ तेथे कृमी आहे असा मुळीच नाही. चक्राला लागणारे सर्व प्राणी तेथे आहेत, इतकेच म्हणता येते. आणि पाहण्याजोगी जागा निवडण्यास तेवढे पुरेसे आहे.

युरोपाचे सर्वेक्षण जसेच्या तसे तेथे नेता येणार नाही. आपल्याकडे खोकडाला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, शिकाऱ्यांचे जाळे नाही आणि ते असावे अशी इच्छाही नाही. विष्ठेचे नमुने हाच मार्ग उरतो. येथे वरील गणित उपयोगी पडते. १ टक्का प्रादुर्भाव पकडण्यासाठी ३००च्या वर नमुने लागत असले, तरी जेथे हा कृमी स्थिरावलेला असतो तेथे खोकडांतील प्रादुर्भाव बहुधा दहा टक्क्यांच्या पुढे असतो. १० टक्के पातळीसाठी बिनचूक चाचणी गृहीत धरल्यास २९ खोकडांचे नमुने पुरतात. चाचणीतील त्रुटी धरल्यास ३७. एखाद्या खोऱ्याची पहिली पाहणी एका हंगामात होऊ शकेल, एवढे हे लहान काम आहे. निर्बीजीकरणासाठी पकडल्या जाणाऱ्या कुत्र्यांच्या विष्ठेचे नमुने त्याच वेळी घेतल्यास स्वतंत्र मोहीमही नको.

दोन दक्षता मात्र घ्याव्या लागतील. एकच खोकड पाच ठिकाणी विष्ठा टाकते, म्हणून २९ नमुने म्हणजे २९ खोकडे नव्हेत. विष्ठा खोकडाची की कुत्र्याची, आणि ती किती वेगवेगळ्या प्राण्यांची, हे यजमानाच्या डीएनएवरून ठरवावे लागते. दुसरी दक्षता गोळा करणाऱ्यांच्या जिवाची आहे. क्षेत्रीय कामात नमुना अल्कोहोलमध्ये टाकला की तो निर्धोक झाला असे समजण्याची आपली सवय आहे. कीटकांच्या बाबतीत ते खपून जाते. या कृमीची अंडी अल्कोहोलमध्येही जिवंत राहू शकतात आणि थंडीत, ओलसर जमिनीवर तर कित्येक महिने टिकतात. नैऋत्य जर्मनीतील प्रयोगात शरद व हिवाळ्यात ती २४० दिवसांपर्यंत तग धरून होती. लडाखचा हिवाळा कोरडा असला तरी लांब असतो. तेव्हा उणे ८० अंशांचा शीतकपाट जेथे आहे, त्या प्रयोगशाळेपर्यंत नमुने गळक्या डब्यांतून न जाता पोहोचतील, हातमोजे पुरेसे असतील आणि डबे उघडणाऱ्यास आत काय आहे हे ठाऊक असेल, इतकी व्यवस्था पहिला नमुना उचलण्यापूर्वी लागावी.